बेडकाचं पान

"बघून सांगते, ऐकून नाय."

सोनूबाईचं हे वाक्य देवरूखच्या बाजारात येणाऱ्या निम्म्या बायकांना पाठ होतं. कुणी येऊन म्हणावं, "मावशी, सासूबाईंच्या गुडघ्याला बांधायचा तो पाला दे गो, काय तरी नाव आहे त्याचं," की ती टोपलीवरचा हात न काढता म्हणायची, "पान आण. बघून सांगते, ऐकून नाय." नावाला तिच्या लेखी काही मोल नव्हतं. एकाच पाल्याला वरच्या वाडीत एक नाव, खालच्या वाडीत दुसरं, आणि घाटावरून लग्न होऊन आलेली सून त्याला तिसरंच काहीतरी म्हणणार. पान मात्र हातात घेतलं, चुरडलं, नाकाशी नेलं, की ते कोण आहे ते तिला कळायचं. भारंगी, कुर्डू, फोडशी, टाकळा. भाजीचं वेगळं, औषधाचं वेगळं. डोंगरउतारावरची तिची वाडी बाजारापासून दीड तासाच्या चालीवर होती आणि त्या दीड तासात तिच्या ओळखीचं नाही असं एक रोप वाटेत उगवत नव्हतं.

तिच्या मागे गोणपाटावर तिचा नवरा आत्माराम बसलेला असायचा. त्याचं सगळं उलट झालं होतं. त्याला पानं कळायची, माणसं कळायची, ऋतू कळायचे. नावं तेवढी जागेवर नव्हती.

ते असं झालं. अठ्ठ्याण्णव सालच्या एप्रिलात आंबे उतरवायला तो झेला घेऊन शेंड्याला गेला होता आणि पायाखालची फांदी मोडली. खाली माती असती तर एखाद्या हाडावर निभावलं असतं. खाली कातळ होता. रत्नागिरीच्या इस्पितळात अकराव्या दिवशी त्याने डोळे उघडले तेव्हा समोर सोनूबाई उभी. तिचं नाव त्याला अगदी जिभेच्या टोकावर दिसत होतं. त्याने हाक मारली, "होडी."

सोनूबाईने आधी खिडकीकडे पाहिलं, मग शेजारच्या खाटेकडे. मग ती वाकली आणि म्हणाली, "ओ."

डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या डाव्या अंगाला मार बसलाय, बोलणं तिथून चालतं. उजवा हातपायही थोडा मागे राहील. किती परत येईल ते आज सांगता येणार नाही. घरी आल्यावर तो तिला कधी होडी म्हणाला, कधी सुपारी, कधी शनिवार. ती कुठल्याही शब्दाला ओ द्यायची. वाडीतल्या बायका हसायच्या. "सोनू, आज कोण गो तू?" त्यावर ती म्हणायची, "सकाळी कंदील व्हते, आता नारळ झालेय. तुमच्या घरवाल्यांनी तुम्हाला कदी एवढी नावं ठेवलीत काय?"

आत्मारामला आत सगळं लख्ख होतं, हे मात्र कुणाला कळत नव्हतं. तरुणपणी पाच वर्षं तो संगमेश्वरला एका वैद्यांकडे औषधं कुटायला होता. तिथे भिंतभर बरण्या होत्या आणि प्रत्येकीवर चिठ्ठी डकवलेली. आपल्या डोक्यात तेच झालंय असं त्याला वाटायचं. बरण्या शाबूत आहेत, आतला माल शाबूत आहे. पडताना चिठ्ठ्या सुटल्या आणि कुणीतरी घाईघाईने त्या भलत्याच बरण्यांना चिकटवल्या. तो भाताची बरणी उघडायचा आणि तोंडातून "छत्री" यायचं. आपण चुकीचं बोललो हे त्याला लगेच ऐकू यायचं. मग तो दुसरा शब्द काढायचा, तो त्याहून चुकीचा. शेवटी तो गप्प व्हायचा आणि लोक म्हणायचे, बिचाऱ्याला काही समजत नाही.

दोन हजार एक सालच्या श्रावणात बाजारात एक मुलगी आली. पंजाबी ड्रेस, खांद्याला जड पिशवी, पायातल्या चपला चिखलाने भरलेल्या. तिने एक जुडी उचलून विचारलं, "मावशी, हे काय?" सोनूबाईने सांगितलं. तिने दुसरी उचलली. सोनूबाईने सांगितलं. मग तिने पिशवीतून तीन वाळकी पानं काढली, अगदी चुरा व्हायला आलेली. सोनूबाईने ती एकेक करून नाकाशी धरली आणि तिन्ही ओळखली. मुलगी बघतच राहिली.

"कोणाची गो तू, बाय?"

"बुरोंडीची. महरीन. मैमुनांची मुलगी म्हणाल तर तिथे सगळे सांगतील."

"एवढ्या लांब पाला बघायला आलीस? तिकडे मासळीचा दुष्काळ पडला काय?"

महरीन हसली. ती मुंबईला औषधांच्या कॉलेजात संशोधन करत होती. मेंदूला मार बसला तर तो भाग पुन्हा बरा करता येईल का, आणि त्यात आपल्याकडच्या झाडपाल्याचा काही उपयोग होईल का, हे ती शोधत होती.

सोनूबाईचे हात जुडीवर थांबले. तिने मागे वळून आत्मारामकडे पाहिलं. आत्मारामने त्या दोघींकडे पाहिलं. त्या क्षणापासून घरात एक गोष्ट येऊन बसली आणि ती दोन वर्षं उठली नाही. ह्या मुलीचं औषध आलं की ह्यांचे शब्द जागेवर येणार.

सप्टेंबरात बाबल्याच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला. बाबल्या दारात येऊन ओरडून गेला, "सोनूवैनी, मुंबईच्या बाईंना ब्राह्मी पायजे! दोन किलो! सावलीत वाळवून, कुटून, एस्टीच्या पार्सलने!"

दुसऱ्या दिवशी सोनूबाईने टोपली भरून आणली आणि पडवीत सूप पसरलं. आत्माराम खांबाला टेकून बसला होता. सुपात गोल पानं होती, कडेला बारीक कातरलेली, लांब देठांची. तो पुढे सरकला.

हे पान त्याने संगमेश्वरला पोत्यांनी कुटलं होतं. वैद्यांकडे त्याची बरणी वेगळी आणि ब्राह्मीची वेगळी. ब्राह्मी म्हणजे पाण्याच्या कडेने पसरणारी, जाड बारीक पानांची, पांढुरक्या फुलाची. हे गोल पान निराळं. लोक दोघींनाही ब्राह्मी म्हणतात, असं सांगून वैद्य चिडायचे. "अरे, हे बेडकाचं पान! शास्त्रातच तसं नाव आहे. ह्या दोन बरण्यांत गोंधळ केलास तर मुसळ तुझ्याच डोक्यात घालीन." आत्मारामने पाच वर्षांत एकदाही गोंधळ केला नव्हता.

त्याने सुपाकडे बोट दाखवलं. तोंड उघडताना त्याला नेहमीची धास्ती वाटली. शब्द आला, "बेडूक."

"ओ," सोनूबाई म्हणाली.

"बेडूक. दोन. दोन. बेडूक."

"आत शिरला काय? थांबा, झाडू आणते." तिने कोपरे झाडले, पाटा सरकवला, रांजणामागे पाहिलं. "नाय हो बेडूक. गेला असंल."

आत्मारामने डोळे मिटून घेतले. शब्द बरोबर आला होता की चुकून, हे त्यालाच कळेना. बेडूक म्हणजे बेडूक, की दुसऱ्याच कुठल्या बरणीची चिठ्ठी? आपण पाहिलं ते पानच ना? की पानंही आता बदलू लागली? सोनूबाईच्या माहेरी गोल पानालाच ब्राह्मी म्हणत आणि ती कधी चुकत नाही, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. चुकणारा घरात एकच होता. तो गप्प बसला.

पार्सल गेलं. पुढच्या महिन्यात दुसरं गेलं. त्यानंतर मागणी येत राहिली.

जानेवारीत महरीन स्वतः वाडीवर आली. येताना बुरोंडीहून आईने दिलेला चायना ग्रासचा डबा घेऊन आली, दूध घालून थापलेला, वर बदामाचे काप. सोनूबाईने एक वडी उचलली. वडी बोटांत थरथरली.

"आमच्या खरवसासारखंच गो. हे कशाचं?"

"समुद्रातल्या शेवाळाचं, मावशी. आणि माझं औषधही असंच आहे." महरीन ओट्यावर मांडी घालून बसली. "बघा, ब्राह्मीचा काढा प्यायला तर तो पोटातून रक्तात जातो, पण मेंदूच्या दाराशी पहारा असतो. फार थोडं आत जाऊ देतात. मग आम्ही काय करतो, एका दुसऱ्या शेवाळाची अशीच जेली करतो आणि तिच्यात ब्राह्मीचा अर्क कोंडतो. ह्या वडीत दूध आणि साखर कशी अडकून बसलीय? तसा. ती जेली मेंदूत जिथे जखम आहे तिथेच नेऊन ठेवायची. ती तिथे हळूहळू विरघळते आणि औषध थेंबाथेंबाने सुटतं."

"कुणाच्या मेंदूत?"

"उंदरांच्या."

सोनूबाईने वडी खाली ठेवली. "उंदराला बोलायला कुठं येतंय, बाय? त्याचं गेलेलं परत आलं ते तुला कसं कळणार?"

मग महरीनने टाकीचं सांगितलं. मोठ्या टाकीत पाणी, पाण्याखाली दिसणार नाही असा एक लहानसा ओटा. धडधाकट उंदीर चार दिवसांत तो कुठे आहे ते लक्षात ठेवतो आणि सरळ तिथे पोहत जातो. डोक्याला मार बसलेला नुसता गोल गोल पोहत राहतो.

आत्माराम कान देऊन ऐकत होता. पाण्याखाली ओटा आहे हे माहीत असणं, आणि पाय टेकायला तो न सापडणं. त्याला वाटलं, ही मुलगी आपल्याच घरातलं काहीतरी सांगतेय. त्याने काळजीने विचारलं, "पाऊस? पाऊस?"

महरीन त्याच्याकडे क्षणभर पाहत राहिली. "बुडू देत नाही, काका. हात घालून काढतो."

हाच प्रश्न त्याला विचारायचा होता. तो चकित झाला.

निघताना तिने दाखवायला आणलेली बोटाएवढी एक काचेची बाटली कोनाड्यात विसरली. आत पाण्यासारखी स्वच्छ जेली होती. सोनूबाईने ती आधी दोन दिवस नुसती पाहिली. तिसऱ्या दिवशी अंघोळीनंतर आत्मारामच्या डोक्यावर, जिथे टाक्यांची खूण होती तिथे, खोबरेल तेलात कालवून चोळली. "उंदरांचं होईल तेव्हा होईल," ती म्हणाली. "बाय मुद्दामच ठेवून गेली असंल. लाजली असंल सांगायला." गारगार लागलं. आत्मारामला बरं वाटलं, पण डोक्यात चिठ्ठ्या हलल्यासारखं काही जाणवलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी ती शेत भाजायला लागणाऱ्या पाल्याची कवळ तोडायला निघाली होती आणि कोयती सापडत नव्हती. आत्माराम चहा पिता पिता म्हणाला, "कोयती दाराआड."

चार वर्षांत दोन शब्द एका ओळीत, दोन्ही खरे. सोनूबाईने दाराआड पाहिलं, कोयती तिथे होती. ती उंबऱ्यावर बसली. "आणखी बोला," ती म्हणाली. "काय पण बोला." आत्मारामने बशीकडे बोट केलं आणि बोलायला गेला. "मिरवणूक," तो म्हणाला.

तरी तिला पुरलं. जेली दहा दिवसांत संपली. त्यानंतर ती पाला असा निवडायची की एक पिवळं पान सुपात राहत नसे. आत्मारामला कळेना की कोयती जेलीने आणली, की सहा महिन्यांतून एखादी चिठ्ठी कुठून तरी जागेवर यायचीच, तशी ती आली. रात्रंदिवस शब्दांमागे धावणाऱ्या माणसाला, एक शब्द सापडला तर तो कुणी दिला हे कसं सांगता यावं? तो फक्त सुपाकडे पाहून अधूनमधून म्हणायचा, "बेडूक." ती ओ द्यायची. पुढे पुढे तोही कमी म्हणू लागला.

दोन हजार तीनच्या ऑक्टोबरात, कापणीच्या दिवसांत, महरीन पुन्हा आली. ह्या वेळी कॉलेजची जीप होती. चेहरा उतरलेला होता. पाणीसुद्धा न पिता तिने विचारलं, "मावशी, तुम्ही पाला उन्हात वाळवलात का कधी?"

सोनूबाईची मान ताठ झाली. "कवडसा लागू दिला नाय."

"मग मला काही समजत नाही." महरीनने डोकं धरलं. "अर्काचा ठिपका आम्ही पट्टीवर ठेवतो, तो वर चढत जातो आणि त्याचे रंगाचे पट्टे उमटतात. प्रत्येक वनस्पतीचे पट्टे वेगळे. सुरुवातीचा माल मुंबईतल्या बागेतला होता, तो तपासून घेतला होता. तुमचा माल कुटलेला यायचा, तो मी पुन्हा तपासला नाही. आता मार्गदर्शकांनी तपासायला लावला, तर पट्टे जुळतच नाहीत. उंदरांचंही तसंच. काही ओटा शोधतात, काही नाही. कशाने शोधतात, कशाने नाही, काही पत्ता लागत नाही."

तिने फायलीतून एक जाड कागद काढला. त्यावर एक वाळलेली डहाळी चिकटवली होती. जाड, बारीक पानांची.

"हे कोण?" सोनूबाईने विचारलं.

"ब्राह्मी."

"ही ब्राह्मी?"

"मग तुम्ही काय पाठवत होता?"

सोनूबाई आत गेली आणि सूप घेऊन आली. दोघींच्या मध्ये एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला गोल पानांचं सूप. आत्माराम खांबाला धरून उठला, पाय ओढत आला आणि सुपावर बोट टेकवलं.

"बेडूक."

"ओ," सोनूबाई सवयीने म्हणाली. "बसा तुम्ही. काय नाय बेडूक."

पण महरीन झटक्यात वळली. "काय म्हणालात, काका?"

"बेडूक." मग कागदावर बोट. मग परत सुपावर. "दोन. दोन."

"मंडूक," महरीन पुटपुटली. "मंडूकपर्णी. या अल्लाह. मावशी, हे बरोबर सांगतायत. ह्या पानाचं शास्त्रातलं नाव तेच आहे, बेडकाचं पान. दोन वेगळ्या वनस्पती आहेत आणि दोघींना लोक ब्राह्मी म्हणतात. काकांना कसं माहीत?"

आत्माराम खाली बसला. डोक्यातल्या सगळ्या बरण्यांतली एवढी एक चिठ्ठी आपल्या जागेवर राहिली होती, आणि ती वाचणारं माणूस बुरोंडीहून मुंबईमार्गे यायला दोन वर्षं लागली होती. आनंद व्हावा की रडू यावं, त्याला ठरवता येईना.

सोनूबाई सुपाकडे पाहत होती. ती म्हणाली, "वैद्याकडं होते हे. मी लगीन होऊन यायच्या आधी." आणि मग, "पहिल्या दिवसापासून सांगत व्हते. मी झाडू घेऊन बेडूक शोधत बसले."

"चूक माझीपण आहे. मी फोनवर नुसतं नाव सांगितलं."

"तू सांगितलंस. मी ऐकलं नि दिलं." तिचा आवाज खाली आला. "सगळ्या बाजाराला बघून सांगणारी मी. दोन वर्षं कानाने पाला खुडला."

मग तिने जे विचारायचं ते विचारलं. "बाय, मग ह्यांचं औषध?"

महरीनने नजर चुकवली नाही. "मावशी, ते डोकं उघडून आत ठेवायचं असतं. उंदरांचंच अजून धड समजत नाही. माणसांपर्यंत यायला किती वर्षं लागतील मला माहीत नाही. कदाचित येणारही नाही."

"आणि वरून चोळलं तर?"

"काय चोळलंत?"

सोनूबाईने कोनाड्यातली रिकामी बाटली आणून तिच्या हातावर ठेवली. महरीनने ती उलटीपालटी केली. "ह्यात काहीच नव्हतं. नुसतं शेवाळ आणि पाणी. दाखवायला आणलेली होती."

"पण ह्यांनी कोयती म्हटलंनी."

"म्हणाले असतील," महरीन म्हणाली. "ते कशाने म्हणाले, मला नाही सांगता येणार."

आत्मारामला वाटलं, आता ही रडेल. इस्पितळातही ती रडली नव्हती. ती उठली, सुपातला सगळा पाला तिने परसात नेऊन ओतला, टोपली झटकली आणि दाराआडची कोयती कमरेला खोचली. मग कागदावरची डहाळी उचलून नाकाशी धरली. कागदाचाच वास आला असावा. तिने तोंड वाकडं केलं.

"उंदरांचं तरी नीट होऊ दे," ती म्हणाली. "खालच्या पऱ्याच्या पाण्याकडेला असलं पान बघितल्यासारखं वाटतंय. तू बस, बाय. ह्या वेळी बघून देते."

"मावशी, राहू दे. हे काम मला पुढे करू देतील की नाही, तेच ठरलेलं नाही."

"ते तू बघ. माझा पाला चुकीचा गेला, तो मी बरोबर करून देणार."

ती अंगणातून उतरून उताराच्या वाटेला लागली. कापलेल्या भाताच्या पेंढ्या दोन्ही बाजूंना पडल्या होत्या. बांधापर्यंत गेली असेल, तेव्हा आत्मारामने हाक मारली.

"शनिवार!"

सोनूबाई थांबली. ओ आली नाही. ती पुरती मागे वळली, डोळ्यांवर हात धरला आणि त्याच्याकडे पाहत राहिली. एखादं न ओळखलेलं पान बघावं तसं पाहत राहिली. आत्मारामने डावा हात उचलला आणि पऱ्याच्या वरच्या अंगाला दाखवलं, जिथे कातळातून पाणी झिरपतं. खाली नाही. वर. तिने त्या हाताच्या रोखाने पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

मग तिने वाट बदलली. बांधाबांधाने वरच्या अंगाला चढत गेली. टोपली आधी कमरेला होती, मग डोक्यावर गेली, मग करवंदीच्या जाळीआड नुसती टोपलीच तेवढी दिसत राहिली. ओट्यावर रिकामी बाटली हातात धरून महरीन तिच्याकडे पाहत होती. खांबाला टेकून आत्माराम पाहत होता, हात अजून तसाच वर.